विश्लेषण : कामवारीचे पाणी समुद्रात ‘वाया’ जाते का? मोसमी वारे, नद्यांचे गोडे पाणी आणि समुद्राचा वरचा थर

जुलैत एखाद्या दिवशी मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, की भिवंडीकरांना वेगळा इशारा द्यावा लागत नाही. कामवारीचे पाणी खाडीत उतरायचे थांबते आणि ईदगाह रोड, तीनबत्ती, निजामपुरा या सखल भागांत पसरू लागते. काही तासांनी ओहोटी लागते, पाणी ओसरते आणि खाडीमार्गे वसईच्या समुद्रात जाते. बातमी तिथेच संपते. त्यानंतर वर्षभर एक वाक्य मात्र ऐकू येत राहते. कोकणातल्या नद्यांचे पाणी समुद्रात वाहून ‘वाया’ जाते, हे ते वाक्य. ठाणे जिल्ह्यातले उल्हास आणि वैतरणा खोऱ्यांचे पाणी उचलून गोदावरी खोऱ्यात नेण्याच्या योजनेमुळे ते अलीकडे जास्तच कानावर पडते. पण समुद्राला मिळाल्यावर या पाण्याचे नेमके काय होते? पुढच्या पावसाशी, मासळीशी, चक्रीवादळांशी त्याचा संबंध असतो का?

भिवंडीचे पाणी जाते कुठे?

कामवारी ही उल्हास नदीच्या खोऱ्यातली लहान नदी. उल्हास बोरघाटाच्या बाजूने उतरून कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते. वाटेत बारवी तिला मिळते. काळू-भातसाचे पाणीही कल्याणच्या आसपास तिच्यात येते. ठाण्याजवळ तिला दोन फाटे फुटतात. एक लहान फाटा ठाणे खाडीकडे वळतो. मुख्य प्रवाह मात्र कशेळी, काल्हेरला वळसा घालून पश्चिमेला जातो आणि तीच वसईची खाडी. भिवंडीतून येणारी कामवारी या खाडीला मिळते. पुढे नायगाव-भाईंदरचा रेल्वेपूल, पाणजू बेट, वसईचा किल्ला आणि मग अरबी समुद्र.

उन्हाळ्यात ही खाडी खारी असते. भरतीचे पाणी आत खूप दूरपर्यंत चढते, म्हणून तर भाईंदर-वसईच्या बाजूला मिठागरे उभी राहिली. पावसाळ्यात चित्र उलटते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो आणि खाऱ्या पाण्याला मुखाकडे रेटतो. आगरी-कोळी गावांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसात वलगण होते. गोड्या पाण्याचा लोंढा आला की मासे प्रवाहाविरुद्ध चढत ओढ्यांत, शेतांत शिरतात आणि रात्री लोक बत्त्या, जाळी घेऊन बाहेर पडतात. पाणी खारे की गोडे हे माशांना आपल्या आधी कळते, एवढाच त्याचा अर्थ.

गोडे आणि खारे पाणी एकमेकांत लगेच मिसळत का नाही?

घरी करून पाहता येईल असा प्रयोग आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. एवढे खारे पाणी काचेच्या पेल्यात अर्धे भरा. वरून साध्या पाण्यात हळद किंवा शाई मिसळून ते चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. रंगीत पाणी वर तरंगत राहील. आता वरून जोरात फुंकर मारा. थोडी मिसळण होईल, पण तळापर्यंत रंग जाणार नाही. खाऱ्या पाण्याच्या जागी साधे पाणी घेतले, तर त्याच फुंकरीने रंग कितीतरी खोल जातो.

समुद्रात हेच घडते. फुंकर मारणारा मोसमी वारा आणि वरून ओतणाऱ्या नद्या. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात पाण्याचे हलके-जडपण ठरवण्यात मिठाचा वाटा फार मोठा असतो. लिटरमागे एक ग्रॅम मीठ कमी झाले, तर पाणी जेवढे हलके होते, तेवढेच हलके होण्यासाठी त्याचे तापमान दोन अंशांहून अधिक वाढावे लागते. आता बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर पृष्ठभागावरील क्षारता ३० च्याही खाली जाते आणि मध्य अरबी समुद्रात ती ३६ च्या आसपास असते. सहा ग्रॅमचा हा फरक दिसायला किरकोळ आहे. भारताच्या दोन्ही बाजूंचे समुद्र इतके वेगळे वागतात, त्याचे मुख्य कारण मात्र त्यातच आहे.

वारा समुद्राला नेमके काय करतो?

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले जातात. ते रोजचे. मोसमी वारे हे त्याच गोष्टीचे ऋतूभर चालणारे, खंडाएवढे रूप. जून ते सप्टेंबर आफ्रिकेच्या सोमालिया किनाऱ्याजवळून एक जोरदार वाऱ्याचा झोत अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वाधिक असतो. ब्रिटिश हवामानतज्ज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात. या झोताखाली, भर समुद्रात, जुलै महिन्यात वाऱ्याचा वेग दिवसेंदिवस ताशी ४० ते ५० किलोमीटर राहतो.

हा वारा पाणी ढवळतो. वरचा जो थर सतत घुसळला जाऊन सारख्याच तापमानाचा आणि सारख्याच खारटपणाचा होतो, त्याला मिश्र थर म्हणतात. मध्य अरबी समुद्रात हा थर पावसाळ्यात ७० ते १०० मीटर खोल जातो. त्याच महिन्यांत उत्तर बंगालच्या उपसागरात तो कित्येकदा जेमतेम पाच ते पंधरा मीटर असतो. एकीकडे तीस मजली इमारतीएवढा आणि दुसरीकडे चार मजल्यांएवढा, असे म्हणा हवे तर.

वारा दुसरेही एक काम करतो. तो पाणी ढकलतो, पण सरळ नाही. नॉर्वेचे फ्रिट्जॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजातून आर्क्टिक समुद्रात वाहत गेले, तेव्हा त्यांना बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता थोडे उजवीकडे सरकताना दिसले. स्वीडनच्या वॉगन वाल्फ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले. पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने हलवलेला पाण्याचा थर एकूणात वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जातो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, पण किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे असा त्याचा एक हिस्सा असतो. दक्षिणेकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा उजवा हात पश्चिमेला, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. वरचे पाणी खोल समुद्राकडे सरकते आणि त्याची जागा घ्यायला खालचे गार पाणी वर येते. केरळ, कर्नाटक, गोवा या पट्ट्यात हे ठळक दिसते. मुंबई-वसईकडे येता येता ते क्षीण होत जाते.

किनाऱ्यालगतचा प्रवाहही ऋतूप्रमाणे दिशा बदलतो. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. जगात इतक्या नियमाने उलटणारे प्रवाह फार थोडे. मोसमी वाऱ्यांचा हा फेरा ओळखूनच सोपारा आणि कल्याण ही बंदरे भरभराटीला आली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे आणि इजिप्तहून भारताकडे जुलैच्या सुमारास निघावे असा सल्लाही आहे. पुढे शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची पहिली गलबते याच खाडीत बांधली गेली. आज त्या खाडीत रेतीच्या बोटी दिसतात, पण तो वेगळा विषय.

हिवाळ्यात प्रवाह वाऱ्याविरुद्ध का वाहतो?

ही या सगळ्या गोष्टीतली सर्वात नवलाची बाब आहे आणि तिचा उलगडा गोव्यात झाला. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. साठच्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेनंतर ती उभी राहिली. गोव्याचे सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास जहाजांवरून पश्चिम किनाऱ्याची पद्धतशीर मोजणी केली. हिवाळ्यात इथे वारा उत्तरेकडून येतो. तरी किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर चालत होता. शिवाय दक्षिणेकडून येणारे ते पाणी अरबी समुद्राच्या मानाने बरेच कमी खारे होते.

ते पाणी बंगालच्या उपसागराचे होते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्यांचे पावसाळी पाणी ऑक्टोबरनंतर आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरते, श्रीलंकेला वळसा घालते आणि त्याचा काही भाग केरळच्या बाजूने वर चढतो. याला रेटा देणाऱ्या लाटा डोळ्यांना दिसणाऱ्या नसतात. समुद्राची पातळी काही सेंटिमीटरने वर-खाली करणाऱ्या आणि किनारा धरून शेकडो किलोमीटर प्रवास करणाऱ्या त्या लाटा असतात. त्या बंगालच्या उपसागरात आणि विषुववृत्ताजवळ उठतात आणि त्यांचा परिणाम आपल्या किनाऱ्यावर होतो. म्हणजे डिसेंबरात कोकणाबाहेरचा प्रवाह कसा वाहील, हे निव्वळ कोकणातला वारा पाहून सांगता येत नाही.

नाशिकच्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत जन्म घेते, पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि तिच्या पाण्याचा थोडा अंश असा वळसा घालून पुन्हा पश्चिमेच्या समुद्रात येऊ शकतो. भूगोलाच्या पुस्तकात ही ओळ असायला हरकत नव्हती.

मच्छीमारांनी शोधलेली ‘समुद्रातली नदी’ ही काय भानगड?

समुद्राचा खारटपणा मोजणे महागडे काम आहे. जहाज लागते, यंत्रे लागतात आणि जहाजे रोज तिथे नसतात. उपग्रहाने क्षारता मोजणे २००९ मध्ये युरोपच्या ‘एसएमओएस’ उपग्रहापासून सुरू झाले. मात्र किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात उपग्रहाच्या नोंदी भरवशाच्या नसतात. तेव्हा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह सोपा मार्ग काढला. पूर्व किनाऱ्यावरच्या ठरावीक ठिकाणच्या मच्छीमारांना बाटल्या दिल्या. दर काही दिवसांनी समुद्राचे पाणी भरून द्यायचे, एवढेच काम.

या बाटल्यांनी जे दाखवले ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पावसाळ्यानंतर सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा कमी खाऱ्या पाण्याचा पट्टा किनारा धरून दक्षिणेकडे सरकत जातो. शास्त्रज्ञांनी त्याला ‘समुद्रातली नदी’ म्हटले. मला या संशोधनात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली बाटली. कोट्यवधींच्या उपग्रहाला जे नीट दिसत नव्हते, ते मच्छीमारांनी होडीतून वाकून भरलेल्या पाण्याने सांगितले.

याचा भिवंडीच्या पावसाशी संबंध काय?

संबंध आहे आणि तो उष्णतेतून येतो. समुद्राचा वरचा अडीच-तीन मीटरचा थर जेवढी उष्णता धरून ठेवतो, तेवढी त्याच्यावरचे अख्खे वातावरण मिळून धरते. त्यामुळे समुद्राच्या वरच्या थरात झालेला लहान बदलही ढगांच्या दृष्टीने मोठा असतो.

पुण्याच्या आणि पुढे बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये दाखवून दिले, की समुद्रावर ढगांच्या मोठ्या रांगा उभ्या राहायच्या असतील तर पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंशांच्या वर असावे लागते. एवढ्याने पाऊस पडेलच असे नाही, पण त्याखाली तो सहसा पडत नाही.

आता दोन्ही समुद्र पाहा. मे महिन्यात दोन्ही तापलेले असतात. जूनमध्ये वारे सुटतात. अरबी समुद्रात ते खोलवर ढवळतात, सोमालिया-ओमानकडून गार पाणी वर येते, बाष्पीभवन वाढते आणि पृष्ठभाग काही अंशांनी थंड होतो. बंगालच्या उपसागरात मात्र नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी झाकणासारखे वर पसरलेले असते. तिथला वारा मुळात थोडा मंद आणि त्यात हे झाकण. ढवळणे वरच्या काही मीटरांतच अडते. खालचे गार पाणी वर येऊ शकत नाही. झाकणाच्या खाली, पण गार पाण्याच्या वर, उबदार पण जास्त खाऱ्या पाण्याचा एक मधला थर तयार होतो. रॉजर लुकास आणि एरिक लिंडस्ट्रॉम यांनी १९९१ मध्ये पॅसिफिक महासागराच्या संदर्भात याला ‘बॅरिअर लेयर’ म्हटले, म्हणजे आडकाठीचा थर. बंगालच्या उपसागरात तो जगातल्या सर्वात ठळक जागांपैकी एक आहे.

पातळ थराचा आणखी एक गुण आहे. शंभर मीटरचा थर जेवढ्या उन्हात एक अंश तापेल, तेवढ्याच उन्हात दहा मीटरचा थर दहा पटींनी अधिक तापू शकतो. पावसाच्या एका फेरीत ढगांमुळे आणि वाऱ्यामुळे उपसागर थोडा गार झाला, तरी उघडीप मिळाली की काही दिवसांत पुन्हा २८ अंशांच्या वर जातो. मग पुढचे कमी दाबाचे क्षेत्र तयार व्हायला जागा मिळते. ही क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकू लागली, की अरबी समुद्रावरचा वारा जोर धरतो आणि कोकणावर मुसळधार पाऊस कोसळतो. आपल्या हवामान वार्तेत ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र’ हे शब्द आले, की भिवंडीतले गोदामवाले माल फळ्यांवर चढवू लागतात, त्यामागची साखळी ही अशी आहे.

दोना पावला संस्थेच्या एस. एस. सी. शेणॉय, डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या वरच्या थरातील उष्णतेचा जमाखर्च मांडून हाच फरक आकड्यांत दाखवला. त्याआधी १९९९ च्या पावसाळ्यात ‘बॉबमेक्स’ मोहिमेत भारतीय जहाजे उत्तर उपसागरात ठाण मांडून होती. तेव्हा नद्यांच्या गोड्या पाण्याचा एक लोंढा मोजणी चालू असतानाच जहाजाखाली येऊन पोहोचला आणि मिश्र थर पाहता पाहता पातळ झाला. संशोधनात असे नशीब क्वचितच मिळते. पुढे २०१६ मध्ये ‘सिंधु साधना’ या जहाजावरून ‘बॉबल’ ही मोहीम झाली. त्यात दक्षिण उपसागराची तपासणी झाली. त्या बाजूने अरबी समुद्राचे जड, खारे पाणी उपसागराच्या पोटात शिरते. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे.

चक्रीवादळांचे काय?

चक्रीवादळ समुद्रावरून जाताना स्वतःच आपली शक्ती काही अंशी कापत असते. त्याच्या वाऱ्याने खालचे गार पाणी वर येते आणि इंधन कमी होते. पण पावसाळ्यानंतरच्या उत्तर उपसागरात गोड्या पाण्याचे झाकण आणि त्याखालचा उबदार थर असला, तर ढवळूनही वर उबदारच पाणी येते. देबाशिष सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमके हेच नोंदवले. वादळाला ब्रेक लागत नाही.

आपल्या बाजूला चिंता वेगळी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, तर उपसागरात ती आठ टक्क्यांनी घटली. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ रायगडला धडकले, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईजवळून गुजरातकडे गेले. यामागचे मोठे कारण अरबी समुद्राचे तापणे हे आहे. त्यात गोड्या पाण्याचाही एक वाटा आहे. हिवाळ्यात उपसागराकडून आलेले कमी खारे पाणी लक्षद्वीपच्या परिसरात पसरते, झाकणाचे काम करते आणि एप्रिल-मेमध्ये तिथला पृष्ठभाग ३० अंशांच्या पुढे जातो. पावसाळा सुरू होण्याआधीचा हा तापलेला पट्टा मोसमी पावसाच्या आगमनाच्या काळातील हालचालींसाठी महत्त्वाचा मानला जातो.

मग कोकणच्या नद्यांच्या पाण्याला काहीच काम नाही?

आहे, पण ते किनाऱ्यालगत. आणि ते सगळेच चांगले आहे असे नाही, हेही सांगायला हवे.

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या नद्यांचे आणि थेट पावसाचे पाणी किनाऱ्याजवळच्या समुद्रावर जेमतेम पाच-दहा मीटरचा पातळ थर धरते. त्याच वेळी खालून, वाऱ्याने ओढलेले गार आणि प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे येत असते. गोड्या पाण्याचा थर मध्ये आल्याने या पाण्याला पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेता येत नाही. तळाचा प्राणवायू आणखी घटत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही जागी जवळपास संपतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये याची नोंद केली. नद्यांतून येणाऱ्या खतांच्या आणि सांडपाण्याच्या अंशामुळे हे वाढत असल्याची शंकाही त्यांनी मांडली. गोव्यात कांदोळीसमोर याची वर्षानुवर्षे मोजणी चालू आहे. तळाशी राहणारी कोळंबी आणि मासळी अशा पाण्यातून बाजूला होते.

इथे कामवारीचा विषय पुन्हा येतो. समुद्राला नदीकडून गोडे पाणी हवे असते, गाळ हवा असतो, त्यातली पोषकद्रव्ये हवी असतात. खाडीतली जिताडा, बोई, चिंबोरी या मिश्र पाण्यावरच वाढतात. सायझिंग-डाइंगचे रंग आणि शहराचे सांडपाणी त्याला नको असते. पण ‘पाणी वाया जाते’ या चर्चेत किती पाणी जाते एवढेच मोजले जाते. कसले पाणी जाते, हे कुणी फारसे विचारत नाही.

पाणी वळवले तर समुद्रावर परिणाम होईल का?

प्रमाणाचा हिशेब आधी पाहू. उल्हास-वैतरणा खोऱ्यांबाबतच्या चर्चेत ५० टीएमसीहून अधिक पाण्याचा आकडा वारंवार घेतला जातो. ५० टीएमसी म्हणजे सुमारे १.४ घनकिलोमीटर. गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला एक हजार घनकिलोमीटरहून अधिक पाणी समुद्रात सोडतात. ऐन पुराच्या दिवसांत १.४ घनकिलोमीटर पाणी त्यांच्या मुखातून काही तासांत निघून जाते. त्यामुळे उल्हासचे पाणी वळवल्याने अरबी समुद्राचा मिश्र थर किंवा कोकणचा पाऊस बदलेल, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि तिच्यासमोर असला ताणून आणलेला युक्तिवाद ठेवू नये.

खाडीचे तसे नाही. तिथे हिशेब स्थानिक आहे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसा धरणातून येते, म्हणजे या खोऱ्याचे पाणी आधीच मोठ्या प्रमाणात अडवलेले आहे. आणखी पाणी काढले, विशेषतः पावसाळ्याच्या अखेरीस आणि नंतर, तर भरतीचे खारे पाणी खाडीत अधिक लवकर आणि अधिक आत येईल. साचलेला गाळ आणि घाण बाहेर ढकलायला जोर कमी पडेल. पूर येतो तेव्हा मात्र धरणे भरलेली असतात आणि पाणी येतेच. म्हणजे ईदगाह रोडचा पूर तसाच राहील आणि उन्हाळ्यातली खाडी आणखी खारी होईल, अशी शक्यता आहे. खाडीकाठची भातशेती आणि मासेमारी यांच्या दृष्टीने हा प्रश्न प्रकल्प अहवालात वेगळा मांडला जायला हवा.

पूर्वेकडच्या महानद्या जोडण्याचा प्रस्ताव मात्र मोठ्या प्रमाणाचा आहे. उपसागराचे झाकण पातळ झाले तर तिथली उष्णता आणि पाऊस यांचे काय होईल, ही शंका शास्त्रज्ञ बऱ्याच काळापासून मांडत आहेत. जमिनीच्या बाजूने तर अभ्यासही झाला आहे. आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवले, की नदीजोडमुळे सिंचन वाढल्यास जमीन आणि हवा यांच्यातील देवाणघेवाण बदलून आधीच कोरड्या असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो.

सध्या कोण काय मोजत आहे?

समुद्रात सोडलेले ‘आर्गो’ तरंगक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहाला कळवतात. ही माहिती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडे जमा होते. तीच संस्था मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा आणि उंच लाटांचे इशारे पाठवते. पुण्यातील शास्त्रज्ञ समुद्र आणि वातावरण एकत्र जोडलेली प्रारूपे वापरून दोन ते चार आठवड्यांच्या पावसाचा अंदाज काढतात. या अंदाजात उपसागराचा वरचा पाच-दहा मीटरचा थर नीट पकडणे हे अजूनही अवघड काम आहे, कारण बहुतेक तरंगक अगदी वरच्या काही मीटरांत मोजणी थांबवतात आणि नद्यांच्या रोजच्या प्रवाहाचे आकडे देशोदेशींच्या कपाटांत असतात.

वसईच्या खाडीत सप्टेंबर संपता संपता पाण्याची चव पुन्हा बदलू लागते. भांगाच्या भरतीला ते अजून मचूळ लागते, उधाणाच्या भरतीला खारट. वलगणीला वर चढलेल्या माशांची पिल्ले तोवर ओढ्या-शेतांतून खाली उतरू लागलेली असतात आणि तिकडे गंगा-ब्रह्मपुत्रेचे पाणी आंध्रच्या किनाऱ्याने दक्षिणेची वाट धरत असते.